शाळेत घातलेली माणसं

त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर एका साध्या शब्दाची पार वाट लागली. 'शाळेत घालणं' हा तो शब्द. मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका, म्हणजे हा शब्द माझ्या पोटापाण्याचा. जून आला की दारोदार हिंडून "पोराला शाळेत घाला, पोरीला शाळेत घाला" म्हणण्यात माझं अर्धं आयुष्य गेलेलं. कोरोना आला, पुण्याकडची माणसं गावाकडं परतू लागली, आणि त्यांना वेगळं ठेवायला पक्क्या भिंतींची, संडास आणि नळ असलेली जागा वस्तीवर एकच होती, आमची मराठी शाळा. पंचायतीनं तिला 'विलगीकरण कक्ष' म्हटलं. ते काही कुणाच्या जिभेला वळेना. मग लोकांनी आपलं सोपं करून घेतलं.

"खालच्या वस्तीवरचा डायवर आला न्हवं का? शाळंत घातला त्याला."

"आन् त्याची बायकू?"

"तिलाबी घातली."

हळूहळू आयांच्या तोंडीही तेच आलं. पोरगं ऐकेना झालं की, "गप बसतूस का घालू शाळंत?" असा दम. पूर्वी हाच दम पोलिसाच्या नावानं द्यायचे. माझ्या शाळेचा पोलीस झालेला बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तशी मी मुळातच तापट. मुलं मला घाबरतात, आणि घाबरतात म्हणून पाढे पाठ करतात, असं आमचे मोठे गुरुजी म्हणायचे.

मोठे गुरुजी आणि मी, अशी आमची दोन शिक्षकांची शाळा. इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात. दोन वर्ग, पुढं लोखंडी जाळी लावलेला व्हरांडा, कडेला खिचडी शिजवायची पत्र्याची खोली. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी त्यांच्याकडं. पट दरवर्षी घसरत होता, कारण सकाळी हायवेवरून एक पिवळी बस आत वळायची आणि टाय लावलेली मुलं भरून घेऊन जायची. पहिलीला मूलच आलं नाही तर ही शाळा पलीकडच्या गावच्या शाळेत मिळवून टाकायची, असं तालुक्याच्या मीटिंगमध्ये तोंडी सांगून झालं होतं. तशी मिळवलेली शाळा पुन्हा उघडलेली मी तरी पाहिलेली नाही. तिथं पुढं कडबा ठेवतात.

आणि त्या जूनला पहिलीच्या वयाचं मूल वस्तीवर एकच होतं, एक मुलगी.

ही मुलगी म्हणजे तिच्या आजोबांचं शेपूट. आजोबांना सगळी वस्ती आबा म्हणायची. शाळेसमोर रस्त्याच्या पलीकडं चाचीचं किराणा दुकान, दुकानापुढं लिंब, आणि लिंबाखाली एक बाकडं. चाचीचं सगळं आयुष्य त्या गल्ल्यावर गेलेलं. शाळेतल्या प्रत्येक मुलाला कुठली गोळी आवडते हे तिला पाठ. रोज दुपारनंतर आबा नातीला घेऊन त्या बाकड्यावर येऊन बसत. कशासाठी, तर शाळा सुटताना बघायला. आमची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. तास संपला की एक टोल, आणि शाळा सुटली की टणटणटणटण, हात दुखेपर्यंत. त्याला मुलं लांब घंटा म्हणतात. ती झाली की पोरं फाटकातून बाहेर फुटायची, आणि आबा नातीला म्हणायचे, "बघ, बघ, सुटली. समदी सुटली." ती टाळ्या वाजवायची. तिला शाळेतलं ठाऊक होतं ते एवढंच, की घंटा होते आणि माणसं सुटतात.

आबा स्वतः शाळेत कधी गेलेले नव्हते. पण ही शाळा बांधली तेव्हा लोकांनी वाळू-विटा वाहिल्या, आणि भिंतींना पाणी मारायचं काम आबांकडं होतं. चाची आजही सांगते, सकाळ-संध्याकाळ घागरी आणून आणून त्यांनी भिंती पक्क्या केल्या. त्यामुळं शाळेत शिरताना ते मालकासारखे शिरायचे आणि भिंतीवर थाप मारायचे.

टाळेबंदी लागली तेव्हा आबा पुण्यात लेकीकडं होते, डोळ्याच्या ऑपरेशनला गेले, ते लांबत गेलं आणि तिथंच अडकले. मी बारामतीची, माझं घर, नवरा, मुलगा तिथं. पण मला तपासणी नाक्यावर ड्युटी लागली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, कुठून आला, कुठं चालला. बारामतीत आमच्याच गल्लीत पेशंट निघाला आणि दोन्ही तोंडांना बांबू लागले. नवरा फोनवर म्हणाला, "तू तिकडंच थांब, इकडं आलीस तर बाहेर पडता येणार नाही." मी मोठ्या गुरुजींच्या घरी मागच्या खोलीत राहू लागले. बाहेर पडता येण्याचं सुख मला फार दिवस लाभायचं नव्हतं.

एका सकाळी पुण्याला दूध घालून परतणारा रिकामा टँकर नाक्यावर थांबला. केबिनमधून आबा खाली उतरायला लागले. एका डोळ्यावर पट्टी, वर दवाखान्याचा तो काळा मोठा चष्मा, पायाखालची पायरी दिसेना. मी पुढं होऊन हात धरला आणि त्यांना उतरवून घेतलं. ड्रायव्हर तहानलेला होता, त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. माणसानं माणसाशी वागावं तसं वागले, दुसरं काही नाही. दोन दिवसांत ड्रायव्हर पॉझिटिव्ह निघाला. आबांना आधीच शाळेत घातलं होतं. संध्याकाळी मलाही घातलं.

माझी खोली म्हणजे माझाच पहिली-दुसरीचा वर्ग. आबा आणि पुण्याहून आलेली आणखी दोघं-तिघं माणसं शेजारी तिसरी-चौथीत. व्हरांड्याच्या जाळीला कुलूप, फाटकाला कुलूप, दोन्ही किल्ल्या पंचायतीच्या शिपायाकडं. ज्या फाटकाची किल्ली इतकी वर्षं माझ्या पर्समध्ये खुळखुळली, ते फाटक मला आतून बघायची पाळी आली.

भिंती मीच रंगवलेल्या. अ अननसाचा, अननस या मुलांनी कधी पाहिलेला नाही आणि मीही फक्त डब्यातला खाल्लेला. घ घराचा. घर मी हौसेनं काढलं होतं, लाल कौलं, निळं दार. तिथं पडल्या पडल्या पहिल्यांदा लक्षात आलं की त्या घराला मी खिडकीच काढलेली नाही. वर्षानुवर्षं मुलं ते घर बघून 'घ' गिरवत होती आणि कुणीही विचारलं नाही की बाई, ह्यातल्या माणसांनी श्वास कुठून घ्यायचा. झोपायला सतरंजी, उशाला तक्त्यांचा गठ्ठा. स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती ऊब अंगावर सोडायचा. अंकांची कार्डं टांगायची दोरी होती, तिच्यावर माझे कपडे वाळायचे. मुलाशी व्हिडिओ कॉल लावायचे तर चित्र थिजायचं, त्याचं तोंड अर्धं उघडं राहायचं, आणि मी त्या अर्ध्या तोंडाकडं बघत बसायचे. मी रडले की नाही? रडले. नळ मोठा सोडून रडायचे, कारण पलीकडं ऐकू जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "बाई! हजेरी!"

माझं डोकं आधीच तापलेलं.

"बाई, अवो हजेरी घ्या की. उमर गेली, शाळंत कुणी घातलंच न्हवतं. आता घातलंय, तेबी मुक्कामी. मग हजेरी नगं का?"

शेजारचे सगळे हसले. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मीच वैतागून आबांचं पूर्ण नाव घेतलं, वर्गात घेते तसं, कडक आवाजात. पलीकडून तितक्याच कडक आवाजात आलं, "हजर!" मग ते रोजचं झालं. खरं सांगायचं तर सकाळी उठायला तेवढं एकच कारण मला उरलं होतं.

दुपारनंतर बाकड्यावर नात यायची. आई तिला तिथं सोडून वैरणीला जायची, चाची लक्ष ठेवायची. आबा व्हरांड्यात जाळीला येऊन उभे राहायचे, काळा चष्मा लावून. पहिल्या दिवशी तिनं त्यांना ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर हसता हसता बाकड्यावरून पडली. मग रस्त्याच्या आरपार दोघांचं बोलणं चालायचं. गाईला काय झालं, मांजर कुठं व्यालं. तिला ऐकवायला आबा 'बाई! हजेरी!' ही सकाळची हाकही पुन्हा एकदा द्यायचे. शेवटी ती रोज विचारायची,

"आबा, सुटली का शाळा?"

"न्हाय अजून. घंटा व्हायची हाय."

"कवा व्हनार?"

"बाईला इचार."

ती माझ्या खिडकीकडं बघायची. मी गजाआडून हात हलवायचे. घंटेचा टोल, म्हणजे रुळावर मारायचा लोखंडी दांडा, तोसुद्धा तेव्हा जागेवर नव्हता. कुणी हात लावायला नको म्हणून मोठ्या गुरुजींनी तो ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद केला होता. टोलही विलगीकरणात, असं आबा म्हणायचे, म्हणजे 'इलगीकरणात'.

तिला बघून बाकीची मुलंही जमू लागली. माझीच मुलं, दुसरीतली, तिसरीतली, लिंबाखाली आणि दुकानाच्या पायरीवर. घरात कोंडून तीही कंटाळलेली. फोनवर वरून सूचना येत होत्या, शाळा बंद पण शिक्षण चालू ठेवा, मुलांना व्हिडिओ पाठवा, पाठवल्याचे फोटो पाठवा. कुणाच्या घरात तसला फोन होता, तर तो बापाच्या खिशात आणि बाप रानात. एके दिवशी मला रागच आला. मी खिडकीशी उभी राहिले आणि घसा फोडून म्हटलं, "बे एकं बे!" पलीकडून लिंबाखालून आलं, "बे दुणे चार!" चाचीनं पोती अंथरली. अंतर ठेवून बसा म्हणून तिनं प्रत्येकाच्या मधे एकेक रिकामा तेलाचा डबा मांडला. शेजारच्या वर्गातून आबासुद्धा पाढे म्हणू लागले, चुकीचे, आणि मुलं ओरडून त्यांना दुरुस्त करू लागली. तीही, अजून शाळेत न घातलेली.

ईद त्याच आठवड्यात आली. चाचीनं आम्हा सगळ्यांना पुरेल एवढा शीरखुर्मा केला आणि शिपायाच्या हाती बरणी आत पाठवली. आबांनी दोनदा घेतला. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की ही शाळा चालू आहे. वर पाठवायला फोटो नव्हते, फळा नव्हता, पण शाळा होती, आणि आतबाहेर जी माणसं होती ती तिचीच होती. मी फार खूश झाले होते. मुलं घरी जाईनात.

दोन दिवसांनी गावच्या कमिटीतले चौघं फाटकाशी आले. तोंडाला उपरणी बांधलेली.

"बाई, ह्ये बंद करा."

"का? मी आत आहे, मुलं रस्त्यापलीकडं आहेत."

"वारं शाळंकडनं दुकानाकडं व्हातंय. पोरास्नी काय झालं तर तुमी निस्तरनार का?"

मी वाऱ्याचं शास्त्र सांगायला लागले. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. वाईट माणसं नव्हती ती. घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालायला मी गजाआडून काय कामाची? त्यांनी दुपारी उसाच्या ट्रॉलीची ताडपत्री आणली, आणि व्हरांड्याची अख्खी जाळी आणि माझी खिडकी बाहेरून झाकून टाकली. दोऱ्या आवळून बांधल्या. खोलीत निळसर अंधार झाला. वारा शाळेकडून दुकानाकडं जायचा राहिला, तसा दुकानाकडून शाळेकडंही यायचा राहिला.

त्या निळ्या अंधारातले दिवस मला आजही नकोसे होतात. आजही कुठं ताडपत्रीचा वास आला की मी दार उघडायला धावते. भिंतीवरचं ते बिनखिडकीचं घर आणि माझी खोली, फरक राहिला नव्हता. माणूस किती वेळ छताकडं बघू शकतो? मी स्वतःलाच मोठ्यानं रागवायचे. नवऱ्याशी फोनवर विनाकारण भांडायचे. मुलांचा आवाज बंद झाला, पण एक आवाज ताडपत्रीला न जुमानता रोज यायचाच.

"आबा, सुटली का शाळा?"

"न्हाय गं अजून."

आता दोघांना एकमेकांचा नुसता आवाज. मग त्या आवाजात खोकला मिसळला. आधी आबा म्हणाले शीरखुर्म्यातली चारोळी अडकलीय. मग सकाळी "बाई, हजेरी" जरा उशिरा येऊ लागली. मग एका सकाळी आलीच नाही. मी आपणहून नाव घेतलं. बऱ्याच वेळानं 'हजर' आलं, पण असं की मी तडक फोन लावला.

पांढऱ्या पोशाखातली माणसं दुपारी आली. आबांना बारामतीला नेणार होते. व्हरांड्यातून जाताना ते माझ्या दाराशी थांबले, भिंतीवर हात टेकून, त्यांनीच पाणी मारलेल्या भिंतीवर.

"बाई, पोरगीला तुमच्याच शाळंत घ्या बरं का. पिवळ्या गाडीत बसवू नगा."

"तुम्हीच आणून घाला जूनमध्ये," मी म्हटलं.

"व्हय की," ते म्हणाले. "आमी आता वरच्या वर्गात चाललो." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले, हसता हसता खोकले. चष्मा काढून डोळे पुसले आणि तो माझ्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला, तो तसाच राहिला.

संध्याकाळी बाकड्यावरून हाक आली. "आबा! सुटली का शाळा?"

कुणी उत्तर देईना. ती पुन्हा ओरडली. मी ताडपत्रीच्या मागं उभी होते. मग चाचीचा आवाज आला, "आबा झोपलंत गं बाळा. उद्या बोल हं." भल्या बाईनं वेळ मारून नेली. पण मारून नेलेली वेळ घरच्यांनी पुढं धरून ठेवली. आबा कुठायत म्हटलं की सांगायचे, शाळंत हायती.

माझा रिपोर्ट चांगला आला आणि मला सोडलं. मी बाहेर पडले त्याच आठवड्यात आबा बारामतीच्या दवाखान्यातच वारले. त्यांना गावाकडं आणलं नाही. तेव्हा आणतच नव्हते. मुलानं लांबून हात जोडले आणि तो परतला. घरी कुणी भेटायला गेलं नाही, कुणी खांदा द्यायला नव्हता, आणि पोरगीला कळू नये म्हणून घरच्यांना मोठ्यानं रडायचीसुद्धा चोरी. वस्तीवर माणसं दबक्या आवाजात एवढंच म्हणत, "सुटलं बिचारं."

जून आला. शाळेत फवारणी झाली, ताडपत्री ज्याची त्याला गेली. पुस्तकांचे गठ्ठे आले. मुलांना बोलवायचं नव्हतं, पालकांनी येऊन पुस्तकं आणि खिचडीचा तांदूळ न्यायचा होता. मी पुन्हा दारोदार हिंडू लागले, आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडून तो शब्द निघेना. कारण "शाळेत घाला" म्हटलं की दारातली लहान पोरं आईच्या मागं लपत होती. एक तर भोकांड पसरून पळालं.

आबांच्या घरी गेले तेव्हा त्यांची सून गोठ्यात धारा काढत होती. मला बघून उठली नाही. मात्र पोरगी घरातून धावत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, मला शाळंत घाला."

सगळ्या वस्तीत असं म्हणणारी ती एकटीच. जे ऐकायला मी दर जूनला हिंडते, ते शब्द. आणि ती का म्हणत होती ते मला कळत होतं, आणि तिच्या आईलाही. आईनं तिला वासराला पाणी दाखवायला पिटाळलं.

"न्हाय घालायची मला," ती गाईच्या पोटाआडून म्हणाली. "तितं आल्यावर काय दावू तिला? रिकामी खोली?"

"तिला खरं सांगावं लागेल कधीतरी."

"मग तुमी सांगा." धारेचा आवाज थांबला. "शाळंत तुमी घातलं. तुमच्या शाळंतनं गेलं. आता तुमीच सांगा."

मी त्यांना शाळेत घातलं नव्हतं. मीही त्यांच्याबरोबर आत होते. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं आणि माझी जीभ काही कमी तिखट नाही. पण ती बाई इतके दिवस हुंदका गिळून गाईच्या धारा काढत होती. मी म्हटलं, "बरं. घेऊन या. मी सांगते."

पुस्तकं वाटायच्या दिवशी सगळ्यांत शेवटी त्या दोघी आल्या. आई फाटकाशीच थांबली. पोरगी आत शिरली ती थेट पळत सुटली. माझा वर्ग बघितला. तिसरी-चौथी बघितली. बाकांखाली वाकून बघितलं. खिचडीची खोली, ऑफिस, संडासाच्या मागची जागा. मग माझ्या दाराजवळच्या कोनाड्यात तिला चष्मा दिसला. मी तो धुऊन तिथंच ठेवला होता. कुणाला द्यावा ते कळलं नव्हतं.

"आबा चष्मा इसरलं," ती म्हणाली. "आता येतील न्यायला."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि तिला समोर उभं केलं. रात्रभर मी वाक्यं जुळवली होती, देवाघरची, आकाशातली. एकही आठवेना. आठवला तो वस्तीवरचाच शब्द.

"येणार नाहीत बाळा. आबा सुटले."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग वर, व्हरांड्यात टांगलेल्या रुळाकडं.

"घंटा कुठं झाली?" ती म्हणाली. "घंटा न व्हता कसं सुटलं?"

घंटा झाली नव्हती, हे खरंच होतं. कुणाची हाक नाही, पाणी नाही, खांदा नाही. ज्या माणसानं हिला रोज सुटणं दाखवलं, त्याचं सुटणं कुणीच बघितलं नव्हतं. मी उठले, ऑफिसचं कपाट उघडलं आणि टोल बाहेर काढला. तिला उचलून घेतलं. तिच्या हातात टोल जड होता, दोन्ही हातांनी धरावा लागला. पहिला टोल चुकला, भिंतीवर बसला. दुसरा लागला. मग मी तिचे हात धरले आणि आम्ही दोघींनी लांब घंटा दिली, हात दुखेपर्यंत, आणि दुखायला लागल्यावरसुद्धा.

शाळा बंद पडल्यापासून ती घंटा वस्तीनं ऐकली नव्हती. चाची गल्ला सोडून रस्त्यावर आली आणि पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. पलीकडं उसाला पाणी धरलेली माणसं बांधावर येऊन थांबली. कमिटीतला एक जण मोटारसायकलवरून चालला होता, तो उतरला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. कशाची घंटा, हे कुणी विचारलं नाही.

फाटकाशी तिची आई खाली बसली होती, खांबाला धरून. आणि रडत होती, मोठ्यानं, लाज सोडून, इतक्या दिवसांचं सगळं. पोरगी माझ्या कडेवरून उतरली, तिच्याकडं गेली आणि पुढ्यात उभी राहिली.

"आई, आता सुटलं?"

"व्हय," आई म्हणाली. "आता सुटलं."

शाळा पुढं कितीतरी महिने भरली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी कामासाठी ऑफिस उघडून बसले होते, आणि समोरच्या बाकड्यावरून आवाज आला. तो आवाज तिनं त्या सगळ्या दिवसांत ताडपत्रीपलीकडून ऐकून ऐकून पाठ केला असणार.

"बाई! हजेरी!"

मी दारात आले. ती एकटीच बसली होती, मांडीवर नवं पुस्तक, डोळ्यांवर तो भला मोठा काळा चष्मा. मी पहिलीच्या वर्गातलं एकुलतं एक नाव पूर्ण घेतलं, तिचं, तिच्या बापाचं आणि आडनाव, कडक आवाजात.

"हजर," ती म्हणाली.